पक्षिदर्शनाची फेरी बांधावरून सुरू व्हावी

वर्धा जिल्ह्यातील वन्यजीवांची गोष्ट निघाली की बहुतेकांच्या तोंडी प्रथम बोरचे नाव येते, आणि बोरचे नाव निघाले की वाघाचे. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्याची स्थापना १९७० मध्ये झाली व २०१४ मध्ये त्यास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. देशातील व्याघ्र प्रकल्पांत ते क्षेत्रफळाने अगदी लहान आहे. तेथे येणारा प्रवासी जिप्सीत बसतो, धुळीच्या वाटेने दोन-तीन तास फिरतो आणि वाघ दिसला नाही तर हिरमुसला होऊन परततो. त्याच वाटेवर नवरंग, स्वर्गीय नर्तक, राखी धनेश यांपैकी काही त्याच्या डोक्यावरून उडून गेले असतील, परंतु ते दाखवून देणारा कोणी बरोबर नसल्यास त्यास त्याची वार्ताही नसते.

समुद्रपूर तालुक्याची स्थिती याहून निराळी आहे. येथे व्याघ्र प्रकल्पाचे फाटक नाही. परंतु गिरडच्या टेकडीभोवतीचे व खुरसापारकडचे जंगल आहे. पूर्वेस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा प्रदेश लागतो, आणि बोर, उमरेड व ताडोबा यांच्या दरम्यान वन्य प्राण्यांची जी ये-जा चालते तिच्या वाटेवर हा तालुका पडतो. कोऱ्याजवळचा लाल नाला प्रकल्प व पोथरा प्रकल्प यांचे जलाशय आहेत. यांखेरीज गावोगावची लहान तळी, नाले, पडीत माळ, आणि सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे काळ्या जमिनीवरील कापूस, सोयाबीन, तूर व हरभरा यांचे शिवार. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील जाम हे ठिकाण याच तालुक्यात असल्याने नागपूरचा माणूस पहाटे निघाला तर सूर्योदयास येथे पोहोचू शकतो. मार्गदर्शकासह पक्षिदर्शनाच्या फेऱ्या येथे सुरू कराव्यात, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. ती सूचना स्तुत्य आहे. मात्र ती कोणी, कोणासाठी व कोणत्या रीतीने अमलात आणावी याचा विचार शेतकऱ्याच्या बाजूने फारसा झालेला नाही.

असा विचार करण्याचे कारण उघड आहे. रानडुक्कर व रोही यांनी रात्रीतून फस्त केलेले हरभऱ्याचे शेत ज्याने पाहिले आहे, त्या शेतकऱ्यास निसर्गाचे कौतुक सांगावयास शहरातून कोणी आला, तर त्याचे स्वागत कसे होईल हे सांगावयास नको. वाघाच्या भीतीने जागलीस जाणे बंद झालेल्या गावांत तर जंगल म्हणजे सरकारचे आणि त्रास मात्र आपला, अशीच भावना दृढ झालेली असते. या भावनेत तथ्य आहे. अशा गावाच्या वेशीवरून दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मंडळी मोटारीतून येणार, बांध तुडवून जाणार आणि गावाच्या पदरी काहीच पडणार नाही, असे जर पक्षिदर्शन होणार असेल, तर ते सुरू न झालेलेच बरे.

राजस्थानातील भरतपूरचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. केवलादेव येथील पाणथळ जागेस राष्ट्रीय उद्यान केल्यानंतर १९८२ मध्ये तेथे गावकऱ्यांच्या गुरांना चराईबंदी करण्यात आली. त्यावरून तंटा विकोपास जाऊन गोळीबार झाला व त्यात काही गावकरी प्राणास मुकले. पुढे जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. म्हशींचे चरणे थांबल्यावर उथळ पाण्यात गवत इतके माजले की पाणपक्ष्यांनाच जागा उरेना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तेथे दीर्घकाळ अभ्यास करून, म्हशींची चराई या पाणथळीच्या हिताचीच होती, असा निष्कर्ष काढला. म्हणजे ज्यांना पक्ष्यांचे शत्रू म्हणून बाहेर काढले, त्यांची गुरेच ती जागा पक्ष्यांसाठी मोकळी ठेवीत होती. त्याच भरतपुरात दुसरी एक गोष्ट मात्र उत्तम साधली. प्रवाशांना आत नेणाऱ्या सायकल-रिक्षावाल्यांना पक्ष्यांची ओळख शिकविण्यात आली, आणि साधारण शिकलेले हे रिक्षावाले देशोदेशीच्या पक्षितज्ज्ञांना पक्षी दाखवू लागले. त्यांच्या संसाराचा आधारच पक्ष्यांवर उभा राहिल्याने उद्यानात पाणी येते की नाही याची चिंता त्यांनाही वाटू लागली.

ओडिशातील चिल्का सरोवराच्या काठचे मंगलाजोडी हे गाव याहून पुढे गेले. तेथील अनेक कुटुंबे पाणपक्ष्यांची शिकार करून विकण्यावर जगत असत. इ. स. २००० च्या सुमारास तेथे पक्षी-संरक्षण समिती स्थापन झाली. शिकारीच सोडलेले लोक रखवालदार झाले, आणि पुढे त्यांच्याच होड्यांतून प्रवासी पक्षी पाहू लागले. नागालँडमधील पांगती गावी दोयांग जलाशयाजवळ २०१२ च्या हिवाळ्यात अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड प्रमाणावर हत्या झाली होती. गावसभेने मनावर घेतल्यावर पुढच्याच वर्षी ती पूर्णपणे थांबली. कीटक खाणारे हे ससाणे आफ्रिकेकडे जाताना महाराष्ट्राच्या आकाशातूनही जातात, हे त्यांच्या पाठीवर बसविलेल्या यंत्रांवरून सिद्ध झाले आहे. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे, जे २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले, काठच्या गावांतील तरुण दुर्बीण घेऊन प्रवाशांस पक्षी दाखवितात. अकोला-वाशीम भागात तणमोराचे ठावठिकाणे शोधण्याच्या कामी फासेपारधी समाजातील माणसांच्या माहितीचा उपयोग झाला आहे. पाखराची चाल, हाक व बसण्याची जागा यांचे ज्ञान ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांना डावलून एखाद्या पदवीधरास पुस्तकावरून पक्षी ओळखावयास शिकविणे म्हणजे घरची विहीर सोडून नदीस पाणी आणावयास जाणे होय.

समुद्रपुरात हा मार्गदर्शक कोण असावा, याचे उत्तर यातून आपोआप मिळते. तो शेतकरी अथवा शेतमजूर कुटुंबातील तरुण किंवा तरुणी असावी. येथे एक शंका घेतली जाईल. पक्षी पाहण्याचा उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि कापूस वेचणीचा हंगामही तोच. घरातला कामाचा माणूस फिरावयास कसा जाईल? शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर कापसातच आहे. दहिवराने ओला झालेला कापूस वेचू नये, दव उडाल्यावरच वेचणीस आरंभ करावा, हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे, कारण ओल्या कापसाची प्रत बिघडते व भाव पडतो. पक्षी मात्र उजाडल्यापासून पहिले दोन-तीन तासच खरे चळवळे असतात. दव उडेपर्यंत फेरी आटोपून मार्गदर्शक वेचणीस हजर राहू शकेल. ओलिताची पाळी रात्री असलेल्या घरी अडचण येईल, हे खरे. त्यासाठी एका गावात एकच मार्गदर्शक न नेमता चार-पाच जणांनी पाळीपाळीने काम करावे.

मग ही फेरी कोठून निघावी? जंगलाच्या फाटकापासून नव्हे, तर शेताच्या बांधापासून. विस्तार कार्यात शिवारफेरी ही जुनी व सिद्ध झालेली रीत आहे. शेतकरी जमतात, एकाच्या शेतात जातात, पीक पाहतात, कीड मोजतात, बोलतात. शेतीशाळेत मित्रकीटक व शत्रुकीटक यांची मोजदाद केली जाते. त्या मोजदादीत पक्ष्यांना अद्याप रीतसर स्थान मिळालेले नाही, ही उणीवच म्हणावी लागेल. हरभऱ्यातील घाटेअळीसाठी शेतात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षी थांबे उभारावेत, तसेच हरभऱ्यात ज्वारीचे थोडे दाणे पेरून तिच्या ताटांचा थांबे म्हणून उपयोग करावा, ही शिफारस सर्वश्रुत आहे. थांबे उभारले जातात, आणि मग त्यावर कोणता पक्षी बसतो, किती वेळ बसतो व काय उचलतो, हे पाहण्यास कोणी थांबत नाही. थांब्यावर कोतवाल बसतो, साळुंकी बसते, नीलपंख बसतो. पिकावर घिरट्या घालणारा वेडा राघू उडते किडे धरतो. नांगरामागून चालणारा गायबगळा मातीतून वर आलेल्या हुमण्या व किडे टिपतो, हे तर लहान मुलासही ठाऊक आहे. आकाशात एका जागी पंख हलवीत थबकणारी पांढुरकी कापशी ही उंदरांची वैरीण. रात्री तिचे काम गव्हाणी घुबड करते, ज्याला अशुभ म्हणून आजही दगड मारले जातात. मार्गदर्शकासह तासभर बांधावर उभे राहून हे सर्व पाहिलेला शेतकरी पुन्हा घुबडास दगड मारील असे वाटत नाही.

नीलपंखाची गोष्ट वर्धेकरांस निराळी सांगावयास नको. वर्धा शहराने २०१८ मध्ये लोकमत घेऊन याच पक्ष्याची नगरपक्षी म्हणून निवड केली. बहार नेचर फाउंडेशन या स्थानिक संस्थेच्या पुढाकाराने झालेली ही निवडणूक गंमतीची वाटली तरी तिच्यामुळे शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत अनेकांनी पक्ष्यांची नावे प्रथमच उच्चारली. दसऱ्याच्या दिवशी चासाचे, म्हणजे याच पक्ष्याचे, दर्शन शुभ मानले जाते. काही प्रांतांत तेवढ्यासाठी त्यास पकडून पिंजऱ्यात घालून दारोदार दाखविण्याची चाल पडली, जी कायद्याने गुन्हा तर आहेच, शिवाय त्या शुभशकुनाची थट्टाही आहे. नीलपंख जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. बांधावरील पोकळ झालेला पळस किंवा मोह सावलीने पीक खातो म्हणून तोडला, की त्याबरोबर टोळ, नाकतोडे व रातकिडे खाणाऱ्या एका कुटुंबाचे घरही तुटते. सावलीचे नुकसान किती व किड्यांचा फायदा किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही हे कबूल, परंतु एकच बाजू पाहून कुऱ्हाड चालविणे हा हिशेब नव्हे.

पक्षी केवळ उपकारच करतात, असे मात्र कोणी शेतकऱ्यास सांगू नये. असे सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही आणि बसूही नये. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरत, आणि माळ्यावर उभे राहून गोफण चालविणारा राखणदार दिवसभर घसा कोरडा करीत असे, हे जुन्या माणसांस आठवते. विदर्भात ज्वारीचे क्षेत्र जे घटले त्याच्या अनेक कारणांत पाखरांची राखण करावयास माणूस मिळेनासा झाला हेही एक कारण सांगितले जाते. पोपट पेरू व सूर्यफूल नासतात. मोर उगवते कोंब उपटतो. हीच भोरडी, जिला पळसमैना असेही म्हणतात, मध्य आशियात विणीच्या काळी टोळांवर जगते व तेथील शेतकऱ्यास ती मित्र वाटते. पाखराचे मित्रत्व किंवा शत्रुत्व हंगामावर व पिकावर अवलंबून असते, हे न ओळखल्याने केवढा अनर्थ होतो, हे चीनने १९५८ मध्ये अनुभवले. धान्य खाते म्हणून चिमणीस राष्ट्राचा शत्रू ठरवून तेथे तिचा सर्वत्र संहार करण्यात आला. चिमण्या गेल्या आणि किडी माजल्या. १९६० मध्ये शत्रूंच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले.

या सर्व प्रश्नाचा गाभा जलाशयाच्या काठी आहे. पाऊस संपल्यावर जलाशयाचे पाणी हळूहळू ओसरते व काठची गाळाची जमीन उघडी पडते. या गाळपेर जमिनीत हरभरा, गहू अथवा भाजीपाला घेतला जातो. अल्पभूधारकास व भूमिहीनास तो मोठा आधार असतो. त्याच ओल्या काठावर हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले पाणपक्षी उतरतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब हंस, चक्रवाक, तलवार बदक यांसारखे पाहुणे विदर्भातील जलाशयांवर येतात, तर अडई, हळदी-कुंकू बदक, शेकाट्या हे येथलेच रहिवासी. हंस व चक्रवाक कोवळ्या पिकात चरतात. पीक राखण्यासाठी कोणी विषारी दाणे टाकले, तर एका रात्रीत शेकडो पक्षी मरून पडतात, आणि तेच पाणी जनावरे पितात. येथे खरा तंटा उद्भवतो, व येथेच मार्गदर्शकासह फेरीचा खरा उपयोगही आहे. ज्या गाळपेर तुकड्यात हंस चरताना दाखविले गेले, त्या तुकड्याच्या शेतकऱ्यास त्या दिवसाच्या शुल्कातून वाटा मिळाला पाहिजे. पीक पाखरांनी खाल्ले म्हणून त्यास भरपाई मागत फिरावे लागू नये. त्याच्या शेतात पाखरू उतरले हीच त्याची मिळकत ठरावी. अशी व्यवस्था करणे अवघड नाही. मार्गदर्शकाच्या वहीत रोज कोणता पक्षी कोणाच्या शेतात दिसला याची नोंद ठेवली म्हणजे झाले. ती वही पुढे शास्त्रज्ञांच्याही कामी येईल.

विषाचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर आवश्यक आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. त्या वेळी ज्या औषधांची चर्चा झाली त्यांत मोनोक्रोटोफॉस होते. त्याच औषधाने १९९५-९६ च्या हंगामात अर्जेंटिनाच्या शेतांत टोळ खाणारे स्थलांतरित श्येन पक्षी हजारोंच्या संख्येने मारले होते. माणूस व पाखरू यांस मारणारे विष एकच असते, फक्त पाखरू आधी मरते. एखाद्या शिवारात कोतवाल व वेडा राघू एकाएकी दिसेनासे झाले, तर तेथे काय फवारले जात आहे याची चौकशी करण्याची ती वेळ आहे. हे ओळखणारी नजर गावात असणे हे कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहे. गिधाडांच्या बाबतीत अशी नजर उशिरा पडली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकमुळे गिधाडे मरतात हे कळेपर्यंत ती जवळजवळ नाहीशी झाली होती. जनावरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅक यांच्यावर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे, ही गोष्ट पशुपालकांनी ध्यानात ठेवावी.

जंगलातील फेरीस वन खात्याच्या परवानगीवाचून हात घालू नये. गिरड-खुरसापारच्या बाजूस वाघाचा वावर असल्याने पायी फिरणे वनरक्षकाच्या सांगण्याप्रमाणे व तो बरोबर असतानाच व्हावे. गिरडला शेख फरीद यांच्या दर्ग्यास सर्व धर्मांचे भाविक येतात, आणि टेकडीवर सापडणाऱ्या, सुपारी-जायफळासारख्या दिसणाऱ्या खड्यांविषयीची दंतकथा ऐकून ते खडे घरी नेतात. या भाविकांपैकी काहींना पहाटे टेकडीच्या पायथ्याशी पक्षी दाखविता आले, तर वेगळी जाहिरात करण्याचीही गरज पडणार नाही. शहरातील हौशी छायाचित्रकारांविषयी मात्र कडक राहावे लागेल. पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यास पुढे बोलावणे, घरट्यावरील फांद्या बाजूस सारून छायाचित्र घेणे, जलाशयावर ड्रोन उडवून थवे उठविणे हे प्रकार हल्ली सर्रास चालतात. उन्हाळ्यात टिटवी, नदी सुरय यांसारखे पक्षी उघड्या वाळूत किंवा गाळावर अंडी घालतात, त्या काळात काठावरील फेऱ्या बंदच ठेवाव्यात. पैसे देणाऱ्यास नाही म्हणण्याचा अधिकार मार्गदर्शकास असला पाहिजे, आणि तो अधिकार ग्रामसभेने त्याच्या पाठीशी उभे राहून टिकवावा.

आरंभास काळ अनुकूल आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची जयंती १२ नोव्हेंबरला व अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांची जयंती ५ नोव्हेंबरला येते. या दोन दिवसांमधील सप्ताह पक्षिसप्ताह म्हणून पाळण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२० मध्ये घेतला. चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून विदर्भातील नवेगाव व नागझिरा येथे काम केले व पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे गोळा करून मराठीस पक्षिकोश दिला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. गोंड, माना, ढीवर, पारधी यांच्याकडून त्यांनी जी नावे व माहिती मिळविली, तशी माहिती समुद्रपूरच्या पांदणींवर आजही मिळेल. ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, एवढेच.

तेव्हा येत्या पक्षिसप्ताहात तालुक्यातील निदान एका जलाशयावरील गावाने एक प्रायोगिक फेरी घ्यावी. कृषी सहायकाने शेतीशाळेतील शेतकऱ्यांना, शिक्षकाने वरच्या वर्गातील मुलांना व वनरक्षकाने जंगलालगतच्या दोन-चार जाणत्या माणसांना बोलवावे. पहिल्या फेरीस बाहेरच्या प्रवाशांस बोलावण्याची घाई करू नये. गावाने आपले पक्षी आधी आपण पाहावेत, त्यांची येथील बोलीतील नावे वहीत लिहावीत, कोणत्या शेतात जाण्यास कोणाची हरकत आहे हे विचारून घ्यावे, आणि शुल्क व त्यातील शेतकऱ्याचा वाटा ग्रामसभेत ठरवावा. दुर्बिणी नसल्यास पहिल्या दिवशी दोन पुरतात. निघण्याची वेळ पहाटे साडेसहाची ठेवावी, म्हणजे दव उडण्यापूर्वी सर्वांस आपापल्या कामावर परतता येईल.